लिहितं टेबल शेवटी उचला

दुसऱ्यांदा घर बदललं तेव्हा माझं काहीच हरवलं नाही. सगळे खोके पोचले, एकही पुस्तक भिजलं नाही, दिव्याची काचसुद्धा शाबूत राहिली. तरी निम्मा खर्डा तयार असलेला एक दीर्घ लेख पुढचे आठ महिने माझ्याकडून पुरा झाला नाही. त्या लेखाची टिपणं टेबलावर सात ढिगांत मांडलेली होती. मदतीला आलेल्या कुणीतरी मायेनं ते सातही ढीग एकत्र केले, मोठे कागद खाली, लहान वर, अशी नेटकी रास रचली, सुतळीनं बांधली आणि खोक्यावर लिहिलं, ‘कागद’. कागद सगळेच्या सगळे होते. कोणता कोणाच्या शेजारी होता, तेवढं गेलं होतं.

भांडी कशीही भरली तरी नव्या घरात ती भांडीच असतात. टिपणांचं तसं नसतं, त्यांचा अर्धा अर्थ त्यांच्या जागेत असतो. त्यानंतर मी आणखी तीनदा बिऱ्हाड हलवलं आणि दर वेळी थोडं शिकत गेले. इथे सांगते आहे ते लिहिण्याच्या सामानापुरतं आणि त्या धामधुमीत लिहिणं चालू ठेवण्यापुरतं आहे. बाकीचं घर कसं बांधायचं ते घरातलं कुणीही माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

आधी कामं मोजा

हलण्याची तारीख कळली की खोके आणायला धावू नका. एक कागद घ्या आणि पुढच्या तीन महिन्यांत कुणाला काय द्यायचं कबूल केलं आहे ते लिहून काढा. हलण्याच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे, असा महिनाभराचा पट्टा त्यावर आखा. या पट्ट्यात एकही मुदत पडू देऊ नका. पडत असेल तर संपादकाला आजच कळवा. दीड महिना आधी मागितलेली मुदतवाढ बहुतेक वेळा सहज मिळते. आदल्या दिवशी मागितलेली मिळालीच तरी मनात राहते, त्यांच्याही आणि आपल्याही.

मग हातातलं मोठं काम कोणत्या टप्प्यावर आणून ठेवायचं ते ठरवा. प्रकरण अर्ध्यावर असताना टेबल हललं तर परतल्यावर त्या प्रकरणाचा सूर पुन्हा लावायला फार वेळ जातो. म्हणून पट्टा सुरू होण्याआधी एखादं प्रकरण, एखादा भाग पुरा करा आणि पुढच्या भागाची पहिली चार-पाच वाक्यं लिहून ठेवा. त्याखाली पुढे काय येणार आहे ते दहा ओळींत, कुणा दुसऱ्याला समजावून सांगावं तसं, सविस्तर लिहा. ‘इथे आजोबांचा प्रसंग’ एवढ्या टिपणावरून सहा आठवड्यांनी काहीही आठवत नाही. कोणता प्रसंग, कुणाच्या नजरेतून, तो इथेच का हवा, हे सगळं लिहा.

बांधाबांधीच्या दिवसांत पहिला खर्डा लिहिण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे. त्याला लागणारं लांबलचक, सलग मन त्या दिवसांत नसतं. पण हातानं लिहिलेलं टंकून काढणं, जुन्या मजकुरातली पाल्हाळ कापणं, संदर्भांचे पृष्ठक्रमांक पडताळणं, दुसऱ्याच्या हस्तलिखितावर दोन ओळींचा अभिप्राय देणं ही कामं तुकड्यातुकड्यांत होतात. अशी दहा-बारा कामं आधीच बाजूला काढून ठेवा. मुद्रितशोधन मात्र त्यांत धरू नका. खोक्यांच्या पसाऱ्यात तपासलेल्या मुद्रितांत माझ्याकडून एक अख्खी गाळलेली ओळ निसटली होती.

मग मांडणीचे फोटो

एकही वस्तू हलवण्याआधी टेबलाचा वरून फोटो काढा. मग प्रत्येक खणाचा, प्रत्येक फळीचा, भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा. फळीचा फोटो असा घ्या की पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचता येतील. मोठी फळी असेल तर दोन-तीन फोटो लागतील. सगळं मिळून अर्धा तास जातो.

त्यानंतर टेबलावरच्या प्रत्येक ढिगावर एक चिठ्ठी ठेवा. ढिगाला क्रमांक, त्यात काय आहे ते एका ओळीत, आणि कोणत्या ढिगाच्या डावीकडे किंवा उजवीकडे आहे तेही. ढीग एका मोठ्या पाकिटात किंवा पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये जसाच्या तसा सरकवा, चिठ्ठीसकट. दोन ढीग एका पाकिटात नकोत, कितीही लहान असले तरी.

आणि सुट्या पानांना क्रमांक घाला. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. मऊ शिसाच्या पेन्सिलीनं, वरच्या उजव्या कोपऱ्यात, पाकिटाचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक: ३/१, ३/२, ३/३. पेन नको, शाई पलीकडे उतरते आणि चुकलं तर खोडता येत नाही. चारशे पानांना मला एक संध्याकाळ आणि दुसरी सकाळ लागली. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यानंतर खोका पायऱ्यांवरून खाली पडला तरी छाती धडधडत नाही.

कागदांची छाननी

लेखकाच्या कागदांत चार जातीचे कागद एकमेकांत मिसळलेले असतात: छापून आलेल्या लिखाणाचे खर्डे, चालू कामाचे कागद, पुढेमागे काही होईल म्हणून राखलेली बीजं, आणि व्यवहाराचे कागद, म्हणजे करारपत्रं, मानधनाच्या पावत्या, कराचे हिशेब. यांपैकी व्यवहाराचा एकही कागद छाननीच्या भरात टाकू नका. जुन्या पुस्तकाचे हक्क कुणाकडे आहेत हा प्रश्न वीस वर्षांनीही उठतो आणि तेव्हा तो एकच कागद लागतो.

टाकायचं काय, तर एकाच मजकुराच्या पुन:पुन्हा काढलेल्या छापील प्रती. पहिला खर्डा, हाताच्या दुरुस्त्या असलेली प्रत आणि शेवटची प्रत, एवढ्या तीन ठेवा. मधल्या सात-आठ जाऊ द्या. त्यांचे पाठकोरे कागद मला मोह घालतात, पण पाठकोऱ्यांचा गठ्ठा घेऊन नव्या घरी जाणं म्हणजे वजन वाहणं आहे. त्याचा हिशेब पुढे येतोच. ज्या कागदांवर दुसऱ्या कुणाची खासगी माहिती आहे, म्हणजे मुलाखतींची टिपणं किंवा विश्वासानं लिहिलेली पत्रं, ते रद्दीत देण्याआधी बारीक फाडा.

छाननी करताना वाचू नका. हे म्हणायला सोपं आहे, मला ठाऊक आहे. एका जुन्या पत्रानं माझी एक अख्खी दुपार घेतली होती आणि त्या दुपारचं मला वाईटही वाटत नाही. पण तशा दुपारी रोज आल्या तर तारीख चुकते. आता मी जवळ एक मोठं पाकीट ठेवते, त्यावर ‘वाचायचं’ लिहिलेलं असतं. हाताला थांबवणारा प्रत्येक कागद त्यात जातो. रात्री, काम संपल्यावर, त्यातलं एक काढून वाचायचं.

जे कागद ठेवणार आहात त्यांच्या लोखंडी टाचण्या आणि क्लिपा काढून टाका. दमट हवेत त्या गंजतात आणि गंजाचा तपकिरी डाग मजकुरावर उमटतो. रबरबँडही काढा. काही वर्षांत रबर चिकट होतं, मग कडक होऊन कागदाला घट्ट धरून बसतं आणि ओढलं की अक्षरं सोबत घेऊन येतं. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात झिरपतो. गुळगुळीत कागदावरच्या, उष्णतेनं छापलेल्या पावत्या असतील तर त्यांची आजच छायाप्रत काढा. ती अक्षरं आपोआप उडत जातात आणि बंद गाडीतल्या उन्हात तर लवकरच.

दुसरी प्रत दुसऱ्या वाटेनं

१९२२ च्या डिसेंबरात अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे वार्ताहर म्हणून स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे होता. त्याला भेटायला निघालेल्या पत्नी हॅडलीनं त्याचं लिखाण एका बॅगेत भरून सोबत घेतलं. पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावर ती बॅग चोरीला गेली, ती पुन्हा मिळाली नाही. मूळ प्रतींबरोबर कार्बन प्रतीही त्याच बॅगेत होत्या. वाचलं ते दुसरीकडे असलेलं: एक कथा प्रसिद्धीसाठी बाहेर पाठवलेली होती, एक खणात राहून गेली होती. हॅडलीनं काळजी घेतली नव्हती असं नाही. सगळं एकत्र आणि हाताशी असावं म्हणूनच तर तिनं दोन्ही प्रती सोबत ठेवल्या होत्या. आपणही नेमकं हेच करतो. लॅपटॉप आणि त्याची नक्कल ठेवलेली हार्ड डिस्क एकाच पिशवीत घालतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम इथे पुरेसा आहे. मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. घर बदलताना ‘दुसऱ्या ठिकाणी’ याचा अर्थ दुसऱ्या गाडीत असा घेऊ नका. इंटरनेटवरच्या साठ्यात तरी ठेवा, नाहीतर ज्या मित्राच्या घरची हलवाहलव नाही त्याच्याकडे एक डिस्क द्या. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क धक्क्यानं बिघडू शकते, म्हणून ती कपड्यांत गुंडाळून हातातल्या पिशवीत न्या. नक्कल काढली एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या संगणकावर त्यातल्या पाच फायली उघडून शेवटच्या पानापर्यंत जा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी इथे एक काम जास्तीचं आहे. जुन्या संगणकात श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा युनिकोडच्या (म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरं तीच राहतील अशा सामाईक पद्धतीच्या) आधीच्या फाँटांत टंकलेल्या फायली असतील, तर त्या नव्या यंत्रावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन उघडतात. घर बदलताना जुना संगणक काढून टाकायचा विचार हमखास होतो आणि त्याच्याबरोबर ते फाँटही जातात. म्हणून तो जुना संगणक हाताशी असलेला शेवटचा महिना वापरा. प्रत्येक महत्त्वाच्या फाईलची पीडीएफ काढा, म्हणजे निदान डोळ्यांनी वाचता येईल. मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रफार, अर्धा र, ‘ळ’ आणि ‘ॲ’ नजरेखालून घाला, रूपांतरात चुका बहुतेक तिथेच राहतात. मूळ फाँटच्या फायलीही त्याच फोल्डरमध्ये जपून ठेवा.

हाताच्या वह्यांचे फोटो फोनवर काढले तरी चालतात. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरे. सगळ्या वह्या होणार नाहीत, ज्यांतलं कुठेच टंकलेलं नाही त्या आधी घ्या. संगणकाच्या मागच्या तारांचाही एक फोटो काढून ठेवा.

पुस्तकं

पुस्तकं बांधताना सगळ्यांची चूक एकच, मोठा खोका. ए-४ कागदाची ८० ग्रॅमची एक रीम, म्हणजे पाचशे कागद, अडीच किलोची असते आणि साधारण पाच सेंटीमीटर जाड. सहा रीम एकावर एक रचल्या तर उंची जेमतेम ३० सेंटीमीटर होते आणि वजन १५ किलो. म्हणजे ए-४ कागदाएवढ्या तळाचा आणि फूटभर उंचीचा खोकाच भरला की एका माणसाला आरामात उचलण्याएवढा जड होतो. त्याच्या दुप्पट तळाचा खोका घेतलात तर तीस किलो. मग तळ फाटतो, नाहीतर पाठ धरते. कागदाच्या पाच रीम ज्यात येतात तो खोका पुस्तकांना उत्तम. छापखान्यात आणि कार्यालयांत असे रिकामे खोके नेहमी पडलेले असतात. मोठाच खोका हाताशी असेल तर तळाला पुस्तकांचा एक थर आणि वर उशा, चादरी भरा.

पुस्तक फळीवर असतं तसं उभं ठेवा किंवा आडवं निजवा. उघडणारी कड खाली करून कधीच ठेवू नका. पानांचा सगळा भार तेव्हा कण्याला लोंबकळतो आणि गाडीच्या हादऱ्यांनी बांधणी सुटते. मोठ्या आकाराची जड पुस्तकं आडवीच, तळाला. मधल्या फटी कोऱ्या कागदाच्या बोळ्यांनी भरा. वर्तमानपत्राची शाई मुखपृष्ठाला लागते. पुस्तकं भरण्याआधी एकेक झटकून, उघडून पाहा. कसर लागलेलं किंवा बुरशीचा वास येणारं पुस्तक वेगळ्या बंद पिशवीत घाला, नाहीतर नव्या घराच्या फळीवर ती सोबतच जाईल. आणि कोरड्या दिवशी खोके बंद करा. दमट दिवशी बंद केलेल्या खोक्यात ती दमट हवाही बंद होते.

खोके फळीच्या क्रमानं भरा, आकाराच्या नव्हे. खोक्याच्या दोन बाजूंवर फळीचा क्रमांक लिहा, वर नको, कारण एकावर एक ठेवल्यावर वरचं दिसत नाही. एका वहीत खोक्याचा क्रमांक आणि त्यातल्या फळीचा फोटो कुठला ते टिपा. यादी करत बसायची गरज उरत नाही.

कोणती पुस्तकं सोडायची हे सांगायचं धाडस मी करणार नाही. एवढंच सांगते की ठरवताना पुस्तक हातात घेऊन ‘हे मी पुन्हा वाचेन का’ असं विचारण्यापेक्षा ‘हे नसल्यामुळे माझं कोणतं लिखाण अडेल’ असं विचारा. उत्तर लवकर मिळतं. ग्रंथालयाची आणि मित्रांची पुस्तकं मात्र आधी परत करा. नव्या पत्त्यावर गेलेलं दुसऱ्याचं पुस्तक आपलंच होऊन बसतं, आणि त्या पुस्तकाची वाट पाहणारं कुणीतरी असतं. आपण दिलेल्या पुस्तकांसाठीही एकदा फोन करावा.

रोजचा अर्धा तास

खोके हळूहळू खोली भरत जातात आणि एक दिवस लक्षात येतं की आठ दिवसांत एक ओळ लिहिलेली नाही. हे होऊ नये म्हणून अर्धा तास ठरवा, पण तो सकाळी, चिकटपट्टीला हात लावण्याआधी. एक खोका बांधला की दुसरा खुणावतो, मग टेबलाशी बसणं होत नाही. त्या अर्ध्या तासात आधी बाजूला काढलेल्या दहा-बारा कामांतलं एक उचला.

ज्या दिवशी तेही जमणार नाही त्या दिवशी जुन्या खोलीची नोंद लिहा. हे मी चौथ्या घरी सुरू केलं आणि आधीच्या तीन घरांची नोंद नाही याची हळहळ वाटते. खिडकीतून ऊन किती वाजता टेबलाच्या कोणत्या कडेला येतं. वरच्या मजल्यावरची खुर्ची कधी सरकते. दार कोणत्या महिन्यात फुगून घट्ट बसतं. कोणत्या फरशीवर पाय पडला की आवाज येतो. भावना लिहू नका, त्या नंतरही लिहिता येतात. आवाज, वास, मापं आणि वेळा लिहा. कथेत कधीतरी एक खोली लागते तेव्हा स्मृती फक्त खिडकी देते, बाकीचं या नोंदींतून मिळतं.

टेबल शेवटी उचला. घरातल्या बाकी सगळ्यांना हे आधी सांगा, आणि का ते समजावून सांगा. रिकामं टेबल दिसलं की त्यावर खोके ठेवण्याचा मोह होतो. माझ्या घरी आता टेबलावर दिवा, एक वही आणि लॅपटॉप एवढंच उरतं, आणि ते गाडी दारात येईपर्यंत तिथेच असतं.

हातातली पिशवी

सामानाच्या गाडीत न जाणारी एक पिशवी हवी. तिच्यात चालू कामाची पाकिटं, चालू वही, लॅपटॉप आणि चार्जर, नकलेची डिस्क, करारपत्रं, चष्मा, दोन पेनं. शाईपेन असेल तर पूर्ण रिकामं करून किंवा पूर्ण भरून, निब वर करून ठेवा. अर्धवट भरलेलं पेन गळतं. दौत झाकण घट्ट लावून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घाला, ती मात्र कागदांच्या पिशवीत नको. कुणाकडे जुनं टंकलेखनयंत्र असेल तर त्याची कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा वरचा भाग, मध्यावर आणून अडकवा, ती हलती राहिली तर प्रवासात आतलं काहीतरी तुटतं.

पत्ताबदल संपादकांना, प्रकाशकांना आणि वर्गणी भरलेल्या नियतकालिकांना महिनाभर आधी कळवा. मुद्रितं आणि लेखक-प्रती अजूनही पोस्टानं येतात, म्हणून टपाल कार्यालयात पत्रं वळवण्याची सोय असेल तर तीही करून घ्या. करारपत्रावरचा पत्ता लेखी कळवायचा असतो, नुसतं फोनवर सांगणं पुरत नाही.

नव्या घरात

नवं घर पाहायला जाल तेव्हा लिहिण्याच्या वेळी जा. पहाटे लिहिणारी मी एक घर दुपारी पाहून आले होते. छान शांत होतं, पण पहाटे पाचला शेजारचा पाण्याचा पंप सुरू होई. उजेड कुठून येतो ते पाहा. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला तो डावीकडून हवा, डावखुऱ्याला उजवीकडून, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. खिडकी समोर किंवा पाठीमागे असली की संगणकाचा पडदा डोळ्यांना त्रास देतो. विजेचं बटण टेबलापासून किती लांब आहे, टेबल दारातून आत जातं का, हे टेप लावून मोजा.

पुस्तकांचं कपाट ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. हवा खेळली की बुरशी धरत नाही. लांब फळीला मधे आधार हवाच. पुस्तकांचं वजन आता तुम्हाला ठाऊक आहे.

गाडी रिकामी झाली की पहिल्या संध्याकाळी टेबल लावा. पलंगाआधी नाही जमलं तरी कपाटांआधी. फोटो समोर ठेवून पाकिटं होती त्याच जागी मांडा, पटत नसलं तरी. नव्या खोलीत सगळं नव्यानं रचावंसं वाटतं, पण जुन्या रचनेत अर्धवट राहिलेलं लिखाण त्या रचनेतच सापडतं. ते पुरं होईपर्यंत जुनी मांडणी राहू द्या. मग थांबवलेल्या जागेवरची ती चार-पाच वाक्यं उघडा आणि हातानं उतरवून काढा. तीच, जशीच्या तशी. बहुतेक वेळा सहावं वाक्य त्याच बैठकीत येतं. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच उतरवायची.

पुस्तकांचे खोके घाईनं उघडू नका. चालू कामाला लागणारी फळी आधी, बाकीच्या वेळ मिळेल तशा. माझा अकरा नंबरचा खोका या घरातही अजून बंद आहे. त्यात काय आहे ते वहीत टिपलेलं आहे, फळीचा फोटो फोनमध्ये आहे, आणि त्यातलं एक पुस्तक मला पुढच्या प्रकरणाला लागणार आहे.